धुणेवाल्या बायकांचा गुरुवार

७ फेब्रुवारी २०२४. आमच्या विहारात माता रमाईची जयंती होती. महिला मंडळाच्या भगिनींनी पांढऱ्या साड्या नेसून त्रिसरण-पंचशील घेतले, रमाईवरची गाणी झाली, खिरीचे पातेले रिकामे झाले. मी सतरंज्या गोळा करीत असताना फोन वाजला. फोन जर्मनीहून होता. माझी भाची, म्हणजे थोरल्या ताईची मुलगी, तिकडे बॉन शहरातल्या एका इस्पितळात परिचारिका आहे.

"जय भीम, मामा. एक विचारायचं होतं. उद्या इथे बायकांचा सण आहे. वॉर्डातल्या बायका म्हणतात, तू पण चल, आणि येताना कात्री आण. जाऊ का?"

"कात्री कशाला?"

"पुरुषांचे टाय कापायला."

मी हसलो नाही. कार्यकर्त्याला सण म्हटले की आधी संशय येतो. "कोणाचा सण आहे? धर्माचा आहे का?" मी विचारले.

"ख्रिश्चनांचा उपासाचा महिना लागतो ना, त्याच्या आधीचा. पण पूजा-बिजा काही नाही. बिअर मात्र खूप पितात."

"मग आपलं काय काम तिथे? बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे आपलं. ड्यूटी कर, घरी जा."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. ते "बरं" मला रात्रभर टोचत राहिले. आमच्या घरातल्या बायका जेव्हा वाद घालीत नाहीत, तेव्हाच त्यांना काहीतरी म्हणायचे असते.

बॉनचे नाव आमच्या घरात पहिल्यापासून आदराने घेतले जाते. बाबासाहेबांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. लंडनच्या अभ्यासामुळे तिथले शिक्षण पुरे झाले नाही, पण नाव नोंदवले होते हे खरे. तेव्हा बाबासाहेब परदेशात पुस्तकांत बुडालेले आणि रमाई मुंबईत संसाराचे ओझे ओढत होती. भाचीने बी. एस्सी. नर्सिंग करून, दोन वर्षे जर्मन भाषेच्या परीक्षा देऊन तिकडची नोकरी मिळवली, तेव्हा ताई रडत होती आणि मी मात्र जो तो भेटेल त्याला "बॉनला चालली आहे, बॉनला" असे सांगत सुटलो होतो. तिची खोली ऱ्हाइन नदीच्या पलीकडच्या काठावर, बॉयल नावाच्या भागात आहे. मधे केनेडी पूल. पूर्वी बॉयल हे वेगळे गाव होते, १९६९ साली ते बॉन शहरात आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारच्या सुमारास मी ऑफिसात जावक रजिस्टर लिहीत होतो. पुन्हा फोन, या वेळी चित्रासकट. आपल्याकडे पावणेचार म्हणजे तिकडे सव्वाअकरा. भाची ड्यूटीला निघाली होती आणि फुटपाथच्या कडेला उभी राहून दाखवीत होती. रस्ताभर बायकाच बायका! साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्या, कॉलेजच्या पोरी, लेकरे कडेवर घेतलेल्या आया. कोणाच्या डोक्याला रुमाल, कमरेला पांढरा एप्रन, हातात धुण्याची टोपली. काठीला दोरी बांधून तिच्यावर कपडे वाळत घातलेले, आणि त्या काठ्या घेऊन मिरवणूक चाललेली.

"मामा, हा सण कोणाचा आहे माहीत आहे का? धुणं धुणाऱ्या बायकांचा. आपल्या आजीचा सण आहे हा."

एवढे बोलून तिने फोन बंद केला, कारण तिची बस आली होती.

माझी आई, म्हणजे भाचीची आजी, घाटकोपरच्या इमारतींत तीस वर्षे धुणीभांडी करीत होती. मी जावक रजिस्टर मिटले. त्या दिवशी माझ्या हातून आणखी एकही पत्र नोंदले गेले नाही. पुढचे दीड-दोन महिने मी या सणाचा पिच्छाच पुरवला. भाची वॉर्डातल्या जुन्या बाईंना विचारून सांगायची आणि बाकीचे मी मिळेल ते वाचायचो.

सणाचे नाव आहे 'वायबरफास्टनाख्ट'. फास्टनाख्ट म्हणजे उपासाच्या आधीची रात्र. वायबर म्हणजे बायका, पण आपण 'भगिनी' म्हणतो त्या आदराने नव्हे, कोणी चिडून 'बाया' म्हणावे त्या सुरात. ईस्टरच्या आधी ख्रिश्चन लोक चाळीस दिवसांचा उपास पाळतात. तो ज्या बुधवारी सुरू होतो त्याला राखेचा बुधवार म्हणतात. उपास लागला की मांस नाही, मौज नाही, म्हणून त्याच्या आधीच्या आठवड्यात लोक खाऊन-पिऊन, सोंगे घेऊन घेतात. याला ऱ्हाइनच्या काठी कार्निव्हल म्हणतात. दरवर्षी ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी त्याचा हंगाम उघडतो. अकरा हा तिकडे खुळ्यांचा आकडा समजला जातो. खरी धमाल मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्या बुधवारच्या आधीचे सहा दिवस. त्यांतला पहिला दिवस गुरुवार, आणि तो बायकांचा.

सर्वांत मोठा कार्निव्हल जवळच्या कोलोन शहराचा. हा मुलूख आधी फ्रेंचांच्या ताब्यात होता, १८१५ साली प्रशियाच्या राजाकडे गेला. १८२३ साली कोलोनच्या सुखवस्तू नागरिकांनी एक समिती नेमली आणि रस्त्यावरच्या मोकाट कार्निव्हलला शिस्त लावली. सोमवारची मोठी मिरवणूक त्या वर्षापासूनची. समितीत सगळे पुरुष. मिरवणुकीत पुरुष, सभेत पुरुष, भाषणे पुरुषांची. इतकेच नव्हे, कोलोनच्या कार्निव्हलमध्ये राजपुत्र, शेतकरी आणि कुमारिका अशी तीन मानाची सोंगे असतात, त्यांतली कुमारिकासुद्धा परंपरेने पुरुषच होतो. आपल्या तमाशातल्या नाच्याची आठवण यावी!

आता बॉयलकडे येऊ. नदीकाठची गवताळ कुरणे, ऊन आणि पाणी, यांमुळे बॉयलमध्ये धुण्याचा धंदा वाढला होता. गिऱ्हाईक कोण, तर कोलोनची श्रीमंत घरे. कोलोनहून मळक्या चादरी, टेबलावरची कापडे, सदरे यायचे. बायका ते भिजवायच्या, मोठ्या हंड्यात उकळायच्या, घासायच्या, आपटायच्या, नदीत खळबळायच्या, गवतावर पसरून उन्हात पांढरे करायच्या. दिवसाचे सोळा-सोळा तास काम चाले असे सांगतात. धुतलेले कपडे कोलोनला पोचवायचे काम मात्र नवऱ्यांचे.

तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीगत अशी. कार्निव्हलच्या दिवसांत नवरे कपडे घेऊन कोलोनला जायचे ते लवकर परतायचेच नाहीत. हातात धुण्याचे पैसे, समोर दारूचे गुत्ते आणि रस्त्यावर नाचगाणी. इकडे बायका थंडगार पाण्यात हात घालून पुढच्या गाठोड्याला लागलेल्या. १८२४ साली या बायकांनी हात झाडले. उपासाच्या आधीच्या गुरुवारी काम बंद. सगळ्या एका ठिकाणी जमल्या, पुरुषांना मज्जाव केला, कॉफी प्यायल्या आणि आपापल्या नवऱ्यांच्या भानगडी एकमेकींना मोकळेपणाने सांगितल्या. त्यांनी आपली एक समितीही स्थापन केली. तिचे नाव 'जुनी महिला समिती', आणि ती आजही आहे. मी हे वाचले तेव्हा तिला बरोबर दोनशे वर्षे होत होती. भाची ज्या रस्त्यावर उभी होती तो दोनशेव्या वर्षाचा उत्सव होता, आणि मी तिला ड्यूटी करून घरी जायला सांगितले होते.

आज बॉयलमध्ये अशा अनेक महिला समित्या आहेत. प्रत्येकीच्या प्रमुखबाईला 'ओबरम्योन' म्हणतात, म्हणजे साऱ्या म्हाताऱ्यांची मुख्य म्हातारी. १९५७ पासून बायका गुरुवारी बॉयलच्या नगर कचेरीवर चाल करून जातात. पुरुष मंडळी दार अडवून उभी राहतात, थोडी झटापट, थोडी शब्दांची मारामारी, आणि शेवटी कचेरी बायकांच्या ताब्यात येते. १९५८ पासून दरवर्षी एका तरुणीला 'धुणेवाल्यांची राजकन्या' म्हणून निवडतात आणि हल्ल्याची सरदारकी तिच्याकडे असते. राजकन्या हा शब्द ऐकून मी आधी नाक मुरडले. मग लक्षात आले की ही राजकन्या राजाची नाही, धोबीघाटाची आहे. टाय कापण्याची चाल साऱ्या ऱ्हाइन काठावर आहे. टाय म्हणजे साहेबाच्या गळ्यातली सत्ता. कापलेल्या टायच्या बदल्यात गालावर एक पापा मिळतो, इतकाच त्याचा मोबदला.

इथवर वाचून मला आनंद झाला. पण सण म्हटला की माझा एक जुना प्रश्न असतो: यात हसतात कोणावर? गावच्या शिमग्यात कोणाच्या नावाने बोंब मारली जायची, हे वडिलांनी मला लहानपणीच सांगितले होते. मालकाला हसणारा सण वेगळा आणि खालच्याला हसणारा वेगळा, जरी ढोल दोन्हीकडे तेच वाजत असले तरी.

म्हणून मी हिटलरच्या काळातला कार्निव्हल शोधला. जे सापडले ते वाचून दोन दिवस जेवण गोड लागले नाही. कोलोनमध्ये १९२२ साली ज्यू नागरिकांनी आपले एक कार्निव्हल मंडळ काढले होते. ते त्याच शहराचे, तीच बोली बोलणारे, तीच गाणी म्हणणारे लोक. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. १९३४ च्या कोलोनच्या सोमवारच्या मिरवणुकीत एक गाडी होती, तिच्यावर माणसे ज्यूंची सोंगे घेऊन उभी होती आणि 'शेवटचे निघाले' अशा अर्थाची पाटी होती. म्हणजे शेजारी देश सोडून पळतो आहे, आणि रस्त्यावरचे लोक त्याला हसताहेत. १९३५ साली नाझी पक्षाने कार्निव्हलचा कारभार आपल्या हातात घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा कोलोनच्या मंडळांनी विरोध केला आणि आपला कारभार आपल्याकडेच राखला. बरेच दिवस या गोष्टीचे मोठे कौतुक झाले. पण ज्यूंची टवाळी करणाऱ्या गाड्या त्यांनी थांबवल्या नाहीत. खुर्चीसाठी भांडले, शेजाऱ्यासाठी नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली. त्यांत बॉयलचेही होते. धुणेवाल्यांच्याच गावातले.

एक माणूस मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. कार्ल क्युपर. कोलोनच्या कार्निव्हलमध्ये पिंपासारख्या मंचावरून विनोदी भाषणे करणारा. तो हिटलरी सलामासाठी हात उंच करायचा, आणि सभा सलाम ठोकणार इतक्यात म्हणायचा की आमच्या तळघरात कचरा इथपर्यंत साचला आहे. १९३९ साली त्याच्यावर भाषणबंदी घातली गेली. गंमत म्हणजे युद्ध संपल्यावरही त्याने जुन्या नाझींवर विनोद करणे सोडले नाही, आणि मग कार्निव्हलवाल्या मोठ्या मंडळींनाही तो नकोसा झाला. खरे बोलणाऱ्याचे असे दोन्ही राजवटींत होते. आज कोलोनमध्ये एका चौकाला त्याचे नाव आहे. २०१७ साली कोलोनच्या ज्यू नागरिकांनी पुन्हा स्वतःचे कार्निव्हल मंडळ काढले. मधे ऐंशीएक वर्षे गेली.

आणखी एक गोष्ट मला खटकली. बायका १९५७ पासून कचेरीच्या किल्ल्या घेताहेत खऱ्या, पण पश्चिम जर्मनीच्या कायद्यात १९७७ पर्यंत असे कलम होते की लग्न झालेल्या बाईने घरसंसाराच्या जबाबदारीत अडथळा येणार नसेल तरच बाहेर नोकरी करावी. म्हणजे गुरुवारी कचेरी तिची, आणि उरलेले वर्षभर तिने घरकाम सांभाळून नोकरी करावी असे कायद्याचे म्हणणे. राखेच्या बुधवारी सोंगे उतरतात, सगळे पूर्ववत. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल होते. बाईला एका दिवसाची गंमत नको, कायद्यात हिस्सा हवा, हे त्यांना ठाऊक होते. पण मग वाटते, कायदा बदलायला जी छाती लागते ती कुठून येते? १८२४ च्या त्या कॉफीच्या बैठकीतून थोडीफार येतच असेल. माहेरी, विहिरीवर, नळावर बायका जमल्या की आपण म्हणतो, गप्पा मारतात. त्या गप्पांत आपला हिशोब चाललेला असतो, म्हणून आपल्याला त्या आवडत नाहीत.

आईची गोष्ट सांगतो. धुळवडीचा दिवस आला की आमच्या विक्रोळीच्या वस्तीत वडील मला घराबाहेर पडू देत नसत. आपला सण नाही, म्हणत. मला वाटे, वडील कडक आहेत. पण आईला त्या दिवशी सुट्टी नव्हती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तर दुप्पट काम. घाटकोपरच्या चार घरांतले हिरवे, गुलाबी, जांभळे झालेले सदरे आणि साड्या तिच्यासमोर पडत. पक्का रंग सोड्याने निघायचा नाही, ब्रशने घासावा लागायचा. संध्याकाळी आई घरी यायची तेव्हा तिचे तळवे रंगलेले असायचे, जणू तीच रंग खेळून आली आहे. बोटांच्या पेरांत चिरा. ती खोबरेल लावून चुलीपुढे हात शेकत बसे. आठवीत असताना मी एकदा चोरून रंग खेळलो आणि माखलेला सदरा पलंगाखाली लपवला. तिने तो काढला, काही बोलली नाही, धुऊन टाकला. चार घरांचे धुऊन आल्यावर पाचवे. कोलोनला गेलेल्या नवऱ्यांची हकीगत वाचताना मला तो सदरा आठवला.

मार्च महिन्यात विहारात महिलांची बैठक होती. मी त्यांना ही बॉयलची कथा सांगितली. टाय कापण्याचा भाग आला तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. एक आजी म्हणाल्या, "त्यांचे मर्द निदान टाय तरी घालत होते. आमचे बनियनवर हिंडतात, कापायचं काय?" मग दुसऱ्या एका भगिनीने मला सरळ विचारले, "भाऊ, १४ एप्रिलला तुम्ही पांढरे कपडे घालून निळा गुलाल उधळता. १५ तारखेला ते कोण धुतं?" सभेत आमची घरचीही बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही, छताकडे पाहिले.

त्या वर्षी जयंतीची मिरवणूक रात्री साडेअकराला संपली. सकाळी उठलो तर माझा सदरा-लेंगा मोरीत बादलीत भिजत पडलेला आणि शेजारी साबण. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाजही नाही. मी पाटावर बसलो. निळा गुलाल पाण्यात इतका सुटतो हे मला पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हते. तीन पाणी झाली तरी निळेच. मागून आवाज आला, "अहो, गार पाण्यात काढा आधी. गरम ओतलंत तर बसेल तो कायमचा." नंतर पांढऱ्या सदऱ्यावर पाठीच्या बाजूला फिकट निळा डाग राहिलाच. तो सदरा मी अजून वापरतो.

भाचीला मी फोन करून सांगितले की माझे चुकले. ती म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी म्हणजे २०२५ साली तो गुरुवार २७ फेब्रुवारीला आला. तिने रजा काढली. बिअर प्यायली नाही, कॉफी प्यायली. आणि तसे पाहिले तर १८२४ च्या बायकांनीही कॉफीच प्यायली होती. कपडे कोणते घालावे याचा तिने खूप विचार केला. तिकडे काही लोक अजून तोंडाला काळे फासून आफ्रिकी माणसाचे सोंग घेतात, काही डोक्यात पिसे खोवून अमेरिकेतले आदिवासी होतात, आणि त्यावरून तिकडेही वाद चालू आहेत. तिने आजीची पांढरी सुती साडी नेसली, वरून जाड कोट घातला, आणि हातात धुण्याची टोपली. एका मुलीने तिला विचारले, "छान आहे, हे कशाचं सोंग आहे?" ती म्हणाली, "सोंग नाही, माझ्या आजीची साडी आहे. तीही धुणं धुवायची." त्या मुलीने तिला हाताला धरून पुढे आपल्या समितीच्या म्हाताऱ्यांत नेले. कचेरीच्या दारापर्यंत ती त्यांच्या सोबत होती.

मे महिन्यात सुट्टीवर आली तेव्हा तिने पर्समधून टायचा एक तुकडा काढला. निळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके. तिच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांचा. ताईने तो आईच्या फोटोच्या चौकटीत खोचला. मग तिला काळजी वाटली. "अगं, एवढा चांगला टाय कापलास, रागावले नाहीत ना साहेब?"

"छे गं. त्या दिवशी सगळे पुरुष जुनाच टाय घालून येतात. नवा घरी ठेवतात."

आमची घरची चहा गाळत होती. ती म्हणाली, "हुशार आहेत. तिकडचेही."